बॅनरवर नसलेली मुलं

दहावीच्या निकालानंतरच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की अर्ध्या तालुक्याचे टक्के कानावर पडतात. दापोलीतल्या अशाच एका दुकानात एक आई मुलाच्या आयटीआयच्या फॉर्मसाठी प्रती काढायला आली होती. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, सगळ्याच्या तीन-तीन. बाहेर पावसाची एक सर येऊन गेलेली, आत ओल्या छत्र्यांचा आणि तापलेल्या मशीनचा वास. दुकानदाराने गुणपत्रिका काचेवर पालथी ठेवता ठेवता विचारलं, "किती पडले?" मुलाने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "चोपन्न. आमचा काय तेवढा हुशार नाय हो." आवाजात राग नव्हता की लाजही नव्हती. कधीचीच ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं तिने ते सांगितलं. मुलगा तेवढ्या वेळात निघालेल्या प्रती मोजत होता. कडा टेबलावर आपटून त्याने गठ्ठा सरळ केला, त्यातली एक प्रत बाहेर काढली आणि दुकानदारापुढे धरली. दाखल्याच्या कोपऱ्यातला शाळेचा शिक्का अर्धा कापला गेला होता. "ही परत मारा, शिक्का पुरा येऊ दे." दुकानदाराने मुकाट्याने परत मारली. आईचं तिकडे लक्षच नव्हतं; ती पर्समध्ये सुटे पैसे शोधत होती.

ते वाक्य आणि तो कापलेला शिक्का, दोन्ही डोक्यात एकत्रच राहिले.

स्टँडसमोर तेव्हा बॅनर लागलेला होता. दरवर्षी लागतो. वर नेत्यांचे फोटो, खाली गोल चौकटींत चार-पाच मुलामुलींचे चेहरे आणि प्रत्येकाखाली ब्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव. कोकण विभागाचा निकाल राज्यात पहिला, ही बातमीही आता कुणाला नवी नाही. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. जवळजवळ सगळीच मुलं पास होतात तिथे नुसत्या पास होण्याला भाव राहत नाही, सगळा भाव त्या गोल चौकटींना येतो. चौकटीतली मुलं पुढे रत्नागिरीला, पुण्याला, मुंबईला जातात, आणि जावंच त्यांनी. उरलेल्यांच्या वाट्याला सोळाव्या वर्षी एक शेरा येतो आणि तो घरातलीच माणसं चारचौघांत वाचून दाखवतात. या शेऱ्याचा त्रास असा की मुलगा त्यावर विश्वास ठेवतो. पुढे कामात काही अडलं की ‘आपल्याला जमणारच नव्हतं’ हे उत्तर त्याच्या हाताशी तयार असतं.

परीक्षा मोजते काय? तीन तासांत, एकट्याने, कुणाला न विचारता, वही न उघडता, पहिल्या फटक्यात किती आठवतं ते. कामाच्या जागी यातली एकही अट नसते. वही उघडता येते, जाणत्याला विचारता येतं, तेच काम दुसऱ्यांदा तपासता येतं, आणि तेच काम पुढच्या आठवड्यात पुन्हा येतं. परीक्षेत ज्याला कॉपी म्हणतात त्यातला बराचसा भाग धंद्यात शहाणपण म्हणून गणला जातो. हे बोलायला सोपं आहे, म्हणून एका कामाकडे जरा जवळून पाहू. हर्णै, मिरकरवाडा, साखरी नाटे, देवगड, कुठल्याही बंदरावर बोटींच्या इंजिनाचं काम करणारे लोक आहेत, आणि तिथे हुशारी कुठे उपयोगी पडते नि कुठे तोंडघशी पाडते हे उघड्यावर दिसतं.

तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, सांगतो, "इंजिन मार खातंय, पिकअप घेत नाय." तल्लख मेकॅनिक कान देतो, दोन मिनिटांत म्हणतो, नोझल गेलंय, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी. पुष्कळदा त्याचं बरोबरही येतं, आणि ते बघायला छान वाटतं यात शंका नाही. ज्याला असा कान नाही त्याच्याकडे एकच उपाय उरतो: टाकीपासून सुरुवात करायची आणि इंजिनाकडे यायचं, मधलं काही न गाळता. टाकीत डिझेल किती आहे, कॉक पूर्ण उघडा आहे का, पाणी वेगळं करणाऱ्या वाटीत पाणी साठलंय का, पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर. मग हवा काढायची. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँडपंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुडा नसलेली सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू बंद. मग तसंच डिझेल पंपावर, म्हणजे नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपावर. शेवटी नोझलच्या पाईपचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल उडालं की आवळायचे. हा क्रम उलटा केला तर मागची हवा पुन्हा पुढे येते आणि सगळं नव्याने करावं लागतं. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. जुन्या पद्धतीच्या नोझलला उघडायला साधारण 200 बार दाब लागतो, आणि मध्ये हवेचा बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. नोझल बिचारं चांगलं असतं, उघडतच नाही.

आता यातली खरी मेख. हवा बहुतेक वेळा टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामधून शिरते, म्हणजे ओढीच्या बाजूने. तिथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे सैल क्लिपमधून किंवा पुन्हा वापरलेल्या तांब्याच्या वॉशरमधून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. सगळे जोड कोरडे ठणठणीत. नजरेवर विश्वास ठेवणारा ओली जागा शोधतो, ती सापडत नाही, आणि मग तो पुढे जाऊन नोझल खोलतो. क्रमाने जाणारा मात्र एक साधी गोष्ट करतो: स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंचावर ठेवतो, नळी थेट फीड पंपाला जोडतो आणि टाकीची लाईन बाजूला काढतो. इंजिन सुरळीत चाललं तर दोष मागच्या लाईनमध्ये. नाही चाललं तर पुढे. अर्ध्या इंजिनाचा विचारच संपला. यासाठी प्रतिभा लागत नाही. आधी कुणीतरी दाखवलेलं लागतं, आणि ते दरवेळी करण्याचा कंटाळा नसावा लागतो.

हा कंटाळा नसणं फार मोठी गोष्ट आहे.

तल्लख माणसाला कंटाळा लवकर येतो, हा त्याचा दोष नाही, त्याच्या डोक्याचा स्वभाव आहे. तापलेल्या इंजिनाचं बघा. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर फाटलेला निघतो, नवा बसवतात, पाणी सुरू होतं, काम झालं. पण जुन्या इंपेलरला सहा पाकळ्या होत्या आणि पंपात पाचच सापडल्या, तर सहावी कुठे आहे? ती पुढे वाहत जाऊन इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली असते. जेटीवर, कमी आरपीएमला, काही कळत नाही. खोल पाण्यात जाळं ओढताना इंजिनावर लोड आला की तापमान पुन्हा चढतं, आणि मग नवा इंपेलरच खराब दिला म्हणून दुकानदाराशी भांडण. पाकळ्या कपड्यावर मांडून मोजायच्या, कमी असेल तर ती सापडेपर्यंत पाईप खोलत जायचा. झेरॉक्सच्या प्रती मोजणारा मुलगा हे करेल असं वाटतं.

ग्लँडचंही तसंच. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, बोटीबाहेर जातो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून ग्लँडमध्ये ग्रीस मुरवलेल्या दोरीचे वेढे असतात, सहसा तीन-चार. घाईचं काम म्हणजे वरचे दोन काढून नवे दोन भरणं, कारण सगळ्यात आतला वेढा हूक घालूनही लवकर निघत नाही. तो जुना, कडक झालेला वेढा आतच राहतो आणि महिन्याभरात गळती परत. नीट काम म्हणजे सगळी दोरी बाहेर. शाफ्टवरच माप घेऊन, टोकं तिरकी कापून, प्रत्येक वेढा वेगळा. एकाचा सांधा वर आला तर पुढच्याचा बाजूला, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. आणि दोन्ही बाजूंचे नट सारखे, थोडे थोडे आवळायचे. शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, तेवढंच पाणी दोरीला थंड ठेवतं. एक थेंबही पडत नाही असं अभिमानाने दाखवणाऱ्याने शाफ्ट खरवडायला घेतलेला असतो. मालकाला मात्र कोरडी ग्लँड बघून बरं वाटतं, म्हणून थेंब का हवेत हे त्याला समजावून सांगणं हाही कामाचाच भाग. न बोलणारे कित्येक चांगले कारागीर इथेच मागे राहतात.

या सगळ्याला जोडणारी वस्तू म्हणजे वही. साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. तारीख, बोटीचं नाव, इंजिनाचा नंबर, किती तास चाललं. तांडेलाने तक्रार ज्या शब्दांत सांगितली ते शब्द. काय सापडलं, काय बदललं. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, काय करायचं राहिलं. राहिलेलं लिहायला माणसं कचरतात, कारण ते आपलं अपुरेपण वाटतं. पण मालक पुढच्या वेळी आला की त्याच रकान्यावर बोट ठेवून सांगता येतं, तेव्हा बेल्ट चालवून घेतला होता, आता बदलू. तीन-चार हंगामांची वही झाली की तिच्यातून अशा गोष्टी दिसायला लागतात ज्या कुठल्याही कानाला ऐकू येणार नाहीत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बंदीत पैसा नसतो, टाकी भरून कोण ठेवणार? अर्धी रिकामी टाकी दोन महिने दमट हवेत उभी राहते, आतल्या पत्र्यावर ओल धरते, पाणी तळाला जातं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळा बुळबुळीत गाळ तयार होतो. ऑगस्टच्या पहिल्याच उधाणात बोट हलली की तो गाळ ढवळतो आणि फिल्टर चोंदतात. वहीत ऑगस्टच्या पानांवर ओळीने ‘फिल्टर, फिल्टर, फिल्टर’ दिसलं की मग जुलैच्या शेवटी प्रत्येक मालकाला फोन करून सांगता येतं: बाहेर पडायच्या आधी टाकीचा तळ काढून टाका, दोन जादा फिल्टर बोटीवर ठेवा. त्या एका फोनने जेवढी गिऱ्हाइकं टिकतात तेवढी अचूक निदानाने टिकत नाहीत, कारण भर समुद्रात बंद पडलेली बोट मालक विसरत नाही, आणि बंद न पडलेली बोटसुद्धा, त्याला कुणीतरी आधी सांगितलेलं असलं तर, विसरत नाही.

आपली मर्यादा लवकर ओळखण्याचाही असाच फायदा आहे. डिझेल पंपाची सेटिंग टेस्ट बेंचवरच, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवरच होते. प्रत्येक सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का हे डेकवर बसून कळायला मार्ग नाही. स्वतःच्या हातावर फार भरवसा असलेला माणूस पंप तिथेच खोलतो, स्क्रू दोन आटे फिरवतो, आणि पुढे वर्षभर इंजिन काळा धूर मारत राहतं. ज्याला आपण काय जाणत नाही हे नीट माहीत आहे तो पंप उतरवतो, आधी टायमिंगच्या खुणांचा फोटो काढतो, पाईपची तोंडं चिकटपट्टीने बंद करतो आणि टेस्ट बेंच असलेल्या पंप रूमला पाठवतो. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला टॉर्क रेंचने आवळतो. हाताला अंदाज आहे म्हणून पुस्तक बाजूला ठेवत नाही. विचारायला लाजत नाही. बंदरावर रोज दिसणाऱ्या चार माणसांत दोन त्याच्याहून शहाणी असतील तर तो त्यांच्याच शेजारी टपरीवर चहा पितो. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवतो, त्यांचं नाव घेऊन सांगतो, आणि त्यामुळे ती माणसं त्याला आणखी सांगतात.

आणखी एक गोष्ट, जी मुलांना कुणी सांगत नाही. एकाच गोष्टीत पहिला येणं कठीण आहे, तीन गोष्टींत बऱ्यापैकी असणं तेवढं कठीण नाही, आणि तीन बऱ्यापैकी गोष्टी एकाच माणसात असणं कुठल्याही बंदरावर दुर्मीळ आहे. इंजिन ठीक येतं. वायरिंग ठीक येतं, म्हणजे खाऱ्या हवेत साध्या तांब्याची तार आवरणाच्या आतून हिरवी पडत जाते म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी, बॅटरीचे टर्मिनल साफ करून ग्रीस लावावं, इतपत. आणि हिशेब ठीक येतो: पावती वेळेवर, सुट्या भागांचं बिल वेगळं, मजुरी वेगळी, उधारी कुणाची किती थकली ते एका पानावर. यातल्या एकाही गोष्टीचा बॅनर लागत नाही. पण फिशफाइंडर वारंवार बंद पडतो म्हणून एकाला, इंजिनासाठी दुसऱ्याला आणि बिलासाठी तिसऱ्याला शोधत फिरलेला मालक, हे तिन्ही एकत्र सापडल्यावर दुसरीकडे जात नाही.

हेच इथे इतरत्रही दिसतं. हापूसच्या बागेत चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलं फळच उतरवायचं, जाळी लावलेल्या काठीने, म्हणजे झेल्याने, देठ ठेवून, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथे काळे डाग येतात. पेटी भरणारा फळ पारखतो ते हजारो फळं हातातून गेल्यावर. कोकण रेल्वे बांधणाऱ्या अभियंत्यांच्या बुद्धीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण रोह्यापासून ठोकूरपर्यंतची ती साधारण 740 किलोमीटरची वाट पावसाळ्यात चालू राहते ती रात्री कंदील घेऊन रुळांवरून चालणाऱ्या गस्तवाल्यांमुळे, आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी 40 चा वेग मुकाट्याने पाळणाऱ्या चालकांमुळे. दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी कर्वे परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, चिकाटीचा धडा म्हणून. 1858 साली जन्मलेला हा माणूस मॅट्रिक झाला 1881 साली, म्हणजे तेविसाव्या वर्षी, हे सांगायचं राहून जातं. आजच्या हिशेबाने त्यांना कुठल्या चौकटीत बसवलं असतं? पुढे गणिताचे प्राध्यापक झाले, आश्रम काढला, 1916 ला महिला विद्यापीठ उभं केलं. वर्गणीसाठी दारोदार हिंडत, थोडे थोडे पैसे गोळा करत.

पण या विषयावर लिहिताना मन पूर्ण एका बाजूला जात नाही. चिकाटी असली की सगळं होतं, हे खोटं आहे. काही कामं खरोखरच तल्लख डोक्याची असतात, तिथे सरासरी माणूस कितीही घासला तरी नुसता दमतो, आणि त्याला ‘आणखी मेहनत कर’ म्हणणं क्रूर आहे. जागा बदल म्हणावं. ज्याच्या घरची बोट आहे आणि ज्याला हत्यारांची पेटीही उसनी आणावी लागते, त्यांची सुरुवात एका रेषेवरून होत नाही. आणि सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट: नीट काम करणाऱ्याला आपल्याकडे लोक वापरून घेतात. किचकट, वेळखाऊ, कमी पैशाचं काम त्याच्याकडे, कारण तो करतो. ‘कष्टाळू आहे’ हा शेरा ‘हुशार नाही’ याच शेऱ्याचा गोड बोलणारा भाऊ आहे. म्हणून दर लिहिलेला असावा, भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा. रात्रीच्या फोनचा दर वेगळा असावा. आणि वर्षातून एकदा वही उघडून बघावं की कुठल्या कामात वेळ गेला आणि कुठल्यात पैसा आला. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर ते काम सोडावं, सवयीने करत राहू नये. वही ठेवणारेही हे टाळतात. आपली किंमत मागायला जो धीटपणा लागतो तो सोळाव्या वर्षीच्या त्या शेऱ्याने आधीच खाऊन टाकलेला असतो.

चोपन्न टक्क्यांवर आयटीआयला डिझेल मेकॅनिकला नंबर लागला तर तो वर्षभराचा कोर्स आहे. वर्ग ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात. त्याआधीच्या जून-जुलैत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि एरवी बंद दिसणारी इंजिनं खोलून ठेवलेली असतात. पिस्टन, लायनर, बेअरिंग, सगळं कपड्यावर मांडलेलं. शिकायला याच्यासारखी वेळ वर्षात दुसरी नाही. तेव्हाच एखाद्या मेकॅनिककडे जावं. पहिले दिवस टॉर्च धरण्यात, डिझेलने भाग धुण्यात आणि पाने हातात देण्यात जातात. कुठला नट कुठल्या नंबरच्या पान्याने निघतो हे रोज संध्याकाळी लिहून काढावं. काढलेले बोल्ट ज्या छिद्रांतले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवावेत, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड छिद्रात आवळला तर हाऊसिंगला तडा जातो. आणि शिकाऊ पोराने पैसे मागू नयेत असं सांगणारे भेटतील, घरातलेही सांगतील. मागावेत. निदान जाण्यायेण्याचं भाडं, दुपारचं जेवण आणि दिवसाचा ठरलेला भत्ता, कामाला लागायच्या आधी बोलून.